वरून काय लावलंय

बस त्या स्टुलावर. डगमगतं, पण पाडत नाही.
आरटीओची रांग इतक्यात हलायची नाही.
हा रकाना बघ, मितेश भोपी.
इथे तू रेघ मारलीस.
रेघ म्हणजे काय, माहीत आहे?
रेघ म्हणजे गाडी कंपनीतून आली तशीच्या तशी आहे.
मला चष्मा आहे रे, पण दिसतं.
ती बघ तुझी गाडी, गेटबाहेर,
हळदीला निघाल्यासारखी.

खोड रेघ. लिही.
फॉगलाइट, दोन.
घणसोलीत धुकं कुठलं, धूर म्हण.
असू दे. दिवे आहेत ना, मग लिही.
बिल? बिल नाही म्हणजे काय?
विजेवर चालणारं वेगळं, बिनविजेचं वेगळं,
देवघरात निरांजन वेगळं, घंटा वेगळी, तसं.
विजेच्याला शेकड्यामागे चार जास्त पडतील.
तेवढ्याचा तू माझ्यासमोर आत्ता सोडा प्यायलास.

लेगगार्ड. मागची पेटी. मोबाइलचा पंजा.
हॉर्न
हॉर्न लिहू नको, हॉर्न काढ.

आणि सायलेन्सर कुणी बदलला?
खाली काय बघतोस?
म्हणजे रात्री साडेअकराला पामबीचवरून जातोस तो तूच!
माझी सासू नेरूळला अंथरुणात उठून बसते.
त्याला इथे रकाना नाही.
त्याला कुठेच रकाना नाही.
जुना माळ्यावर असेल ना? उतरव.

हसू नको.
कोपरखैरण्याचा एक होता, नाव कशाला घेऊ,
त्यानेही अशीच सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून.
महापे पुलाखाली टेम्पोने घेतला त्याला.
वाचला. गाडी नाही वाचली.
सर्व्हेअर आला, गॅरेजात उकिडवा बसला,
एकेका वस्तूला हात लावून विचारायला लागला,
मास्तर हजेरी घेतात तसा.
हँडल? नोंद नाही. दिवे? नोंद नाही.
शॉकअप, सीट, ती सोनेरी चेन?
सगळं समोर पडलेलं, ऑइलमध्ये,
आणि कागदावर सगळं गैरहजर.
पोरगा कुबडी धरून उभा होता.
म्हणाला, मावशी, पण ही आहेत ना इथे.
मी काय सांगणार?

असो. झालं? अजून काही?
नीट आठव.
मागच्या सीटच्या उजव्या अंगाला ते काय आहे मग?
ती लोखंडाची मूठ. वेल्डिंगची.
सायकलचं रबर चढवलंय तिला.

बोल की.

अच्छा.
बाबांचा डावा हात.
रबाळ्याला, प्रेसवर.
किती साली?
आणि कंपनीने?
हं. ठेकेदाराच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

(चहा घेशील? अरे ए, दोन दे इकडे. एक बिनसाखरेचा.)

कुणी बसवून दिली?
पावण्याचा, तो शेडवाला? चांगलं काम आहे.
टाके बघ कसे सरळ आलेत.
किती घेतले त्याने?
दीडशे.
दीडशे रुपयांची वस्तू कुणी लिहीत नाही,
एकवीस वर्षांत मी तरी लिहिलेली नाही.
वरून मिळणार काय, तर घसारा जाऊन सत्तर-ऐंशी.
तरी आण इकडे तो फॉर्म, मी लिहिते,
माझं अक्षर बरं आहे.
मूठ. लोखंडी. नग एक. उजवी बाजू.
बिनविजेची.

आता फोटो काढून आण, चारही बाजूंनी.
गाडीवर माणूस बसलेला चालत नाही त्यांना,
नंबर दिसला पाहिजे, आणि ही मूठ
जवळून एक वेगळी काढ.

आणि जिथे रेघ खोडलीस ना,
तिथे सही कर. पूर्ण नाव.
वडिलांचं नावही मधे घाल.